वामनराव आणि विसरलेलं सामान

गाडी सुटायला दोन मिनिटं असताना लोणावळा स्टेशनावर एखादा साठी उलटलेला माणूस माशांचा रिकामा डबा हातात धरून खिडक्या-खिडक्यांतून डोकावत पळताना दिसला, तर ते आमचे शेजारी वामनराव समजावेत. मालक सापडला, की सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीसकट तो डबा ते त्याच्या मांडीवर ठेवायचे आणि अदबीने म्हणायचे, "आपलं सामान तळ्यावर राहिलं होतं."

"अहो, रिकामा आहे तो!"

"भरलेला आणताना जड झाला नाही. रिकामा नेताना काय त्रास?"

वामनरावांची सारी नोकरी रेल्वेत, प्रवाशांनी विसरलेलं सामान सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात. हे गावालगतच्या तुंगार्लीच्या तळ्याला लागले. रविवारी सहलीला येणारी मंडळी काठावर जे काही टाकून जात, ते त्यांच्या लेखी कचरा नसून विसरलेलं सामान होतं. "मालकाशिवाय माल नसतो, मास्तर!" हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं, की एकदा शाळेत फळ्यावर सुविचार म्हणून तेच लिहून मोकळा झालो.

मी रविवारी दुपारी झोपणारा माणूस. पण पाच वाजले की दारात टोपली घेऊन वामनराव उभे. "पोहायला तळं आपलं, आणि उचलायला कोणाचं?" मग मी आणि आळीतले आणखी चार-पाच जण नाकं मुरडत काठाकाठाने वाकायचो. चिठ्ठ्या मात्र तेच लिहायचे: 'उत्तर काठ, जांभळीखाली. सोड्याची बाटली, फुटकी.'

एकदा एका बंगल्यातल्या जेवणावळीच्या उष्ट्या पत्रावळी पाण्यात तरंगताना सापडल्या. वामनरावांनी त्या टोपलीत भरल्या आणि थेट त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात, टीपॉयवर नेऊन ठेवल्या. शेठ खवळले. पोलिसांना बोलावतो म्हणाले.

"अवश्य बोलवा," वामनराव म्हणाले. "पंचनामा झालेला बरा. मागाहून म्हणाल, एक द्रोण कमी भरला."

मग एका श्रावणात, सहलीला आलेल्या एका मुलीचा पाय काठावरच्या काचेने कापला. तक्रार झाली, आणि तळ्याची देखरेख ज्यांच्याकडे होती त्या साहेबांनी वाटेवर तारा ठोकून पाटी लावली: 'प्रवेश बंद. पोहण्यास व बसण्यास सक्त मनाई.'

मला वाटलं, वामनराव पेढे वाटतील. मी अभिनंदन केलं, तर म्हातारा माझ्यावरच उखडला. तीन रविवार ते तारांशी उभे राहिले. पलीकडे तळं आरशासारखं लख्ख होतं आणि काठावर चिटपाखरू नव्हतं. शेजारी कणसं भाजणारी ठकूमावशी बसलेली. ती तुंगार्लीच्या वरच्या वाडीतली.

"आबा," ती म्हणाली, "मानसंच न्हाईत तर कणसं काय बगळ्यांला इकू?"

तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी वामनरावांनी पाटी उपटली, तिला चिठ्ठी बांधली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. मी सोबत होतो.

"तळ्यावर सापडली. मालक आपणच ना?"

"तुम्हाला आत टाकीन!" साहेब ओरडले.

"टाका. काच माझ्या नजरेतून निसटली. शिक्षा करायची तर मला करा. तळ्याने काय केलंय?"

बरीच वादावादी झाली. म्हातारा खुर्चीवर बसेना आणि खोलीतून हलेना. शेवटी साहेब टेकीस आले. रविवारपुरतं तळं उघडायचं, पण पुन्हा कोणाचा पाय कापला तर कायमचं बंद. वामनरावांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

पुढच्या रविवारी सकाळी टोपली घेऊन मी आपणहून तळ्यावर गेलो. वामनराव एका दगडावर बसले होते. त्यांचा अनवाणी पाय ठकूमावशीच्या मांडीवर होता आणि ती सुईने त्यातून काहीतरी काढत होती. तळवा जागोजागी चिरलेला होता.

"आबा पहाटंधरनं अनवानी फिरत्यात," ती माझ्यावरच डाफरली. "अख्खा काठ पायानं चाचपत्यात. सांगा की ह्यास्नी कायतरी!"

"डोळ्यांना बारीक काच दिसत नाही आता," वामनराव म्हणाले. "पायांना बरोबर कळते."

मला राग आला. "राहू दे ना बंद ते तळं! ज्यांच्याशी तुम्ही दर रविवारी भांडलात, त्यांच्यासाठी एवढं कशाला?"

त्यांनी पायातून निघालेली काच माझ्या टोपलीत टाकली.

"मास्तर, आमची ही गेल्यापासून घरात माझ्याशी बोलायला कोण आहे? ही माणसं निदान भांडतात तरी."

तेवढ्यात घाटीवर टांग्याची घुंगरं वाजली. वामनरावांनी घाईघाईने पाय सोडवून घेतला, चपला चढवल्या आणि लंगडणं दिसू नये म्हणून ताठ चालत वाटेकडे निघाले. "या, या! पाणी झकास आहे! पण सामानाकडे लक्ष ठेवा, सांगून ठेवतो!"

दक्षिणेकडचा काठ अजून चाचपायचा राहिला होता. मी चपला काढून ठकूमावशीपाशी ठेवल्या आणि चालू लागलो.