अप्पा आणि ताशी अडुसष्ट

आमचे शेजारी शिवलिंगअप्पा हिरव्या सिग्नललाही स्कूटर थांबवतात. मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण होतात आणि अप्पा एक पाय जमिनीवर टेकवून आधी डावीकडे, मग उजवीकडे आणि पुन्हा एकदा डावीकडे बघत उभे राहतात. एकदा मी मागे बसलो होतो, तेव्हा न राहवून विचारलं. म्हणाले, "हिरवा आपल्याला दिसतोय की मास्तर. आडव्या येणाऱ्याला त्याचा लाल दिसलाय का न्हाय, ते कुणाला ठाव?"

अप्पांचं नवी पेठेत चाळीस वर्षं कापडाचं दुकान होतं. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून ते गिऱ्हाइकाला मापापेक्षा चार बोटं जास्त कापड द्यायचे. दुकान बंद झालं, पण चार बोटं राहिली. आता सगळं आयुष्यच ते चार बोटं राखून जगतात. अकराच्या लग्नाला साडेनवाला पोहोचतात आणि मांडववाल्यांना खुर्च्या मांडायला मदत करतात. गल्लीच्या वळणावर स्कूटर उभी करतात, उतरून कोपऱ्यापलीकडे डोकावतात, कुणी येत नाही ना बघतात, परत येऊन किक मारतात आणि मग वळतात. तोवर पलीकडून कुणीतरी आलेलं असतंच.

स्कूटर गिअरची, जुनी, आरशासारखी पुसलेली. तिचा काटा तीसच्या पुढे गेलेला कुणी पाहिलेला नाही. होटगी रस्त्यावर सायकलवाले त्यांना मागे टाकतात, आणि टाकताना नमस्कार करतात.

अशा माणसाला ताशी अडुसष्टच्या वेगाबद्दल चलन आलं.

ते आलं बंगळूरला. गाडीच्या कागदांवर मोबाईल नंबर मुलाचा, महेशचा होता. महेशनं फोटो बघितला. रस्ता, तीच स्कूटर, तोच नंबर आणि पाठमोरा, हेल्मेट घातलेला एक हडकुळा माणूस. आता अप्पांची अंगकाठी अशी, की स्कूटरवर बसले की सीट दिसत नाही. महेशला शंका यायला हवी होती. त्याऐवजी त्यानं घाबरून फोन केला, की अप्पा, तुम्ही किती वाळलात, जेवताय का नाही? दीड वर्षात त्याचं सोलापूरला येणं झालं नव्हतं. मग त्यानं निकाल देऊन टाकला. शहात्तराव्या वर्षी कुणी असं गाडी हाणत असेल, तर त्याला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. स्कूटर विकायची, घर बंद करायचं आणि बंगळूरला चौदाव्या मजल्यावर राहायला यायचं.

हे सगळं अप्पांनीच मला पायरीवर बसून सांगितलं. सांगताना फोटो माझ्यापुढे धरला होता. मी चष्मा पुसला, फोटो बघितला आणि म्हणालो, "कॅमेरे हल्ली काहीही दाखवतात."

फोटोतला हडकुळा माणूस मी होतो.

हे लिहायला मला बराच वेळ लागला आहे. आता लिहितोच आहे तर सगळं लिहितो. सोमवारी अप्पा वाहनाला हात लावत नाहीत. सिद्धेश्वराच्या देवळात चालत, अनवाणी जातात. गाडी दिवसभर नुसती उभी राहते, म्हणून गेली सहा वर्षं दर सोमवारी सकाळी ते स्कूटर मला देतात. मी विजापूर रस्त्याला बहिणीकडे जाऊन येतो, दुपारी किल्ली परत करतो, त्यांच्याकडे चहा होतो. त्या सोमवारी परत येताना रस्ता मोकळा होता. बहीण खणखणीत होती. मला कुठं वेळेवर पोहोचायचं नव्हतं. मी बहात्तर वर्षांचा निवृत्त शिक्षक, पस्तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं, वाहतुकीचे नियम फळ्यावर आकृत्या काढून समजावले. आणि मी मूठ पिळली. अजून पिळली. स्कूटरलाही ते नवीन असावं, आधी ती थरथरली आणि मग सुटलीच. हेल्मेटमध्ये मी मोठ्यानं हसत होतो. बास, एवढंच कारण. दुसरं काही सापडलं तर बरं होईल म्हणून मी खूप शोधलं.

रोज रात्री ठरवायचो, उद्या सांगू. सकाळी अप्पा दिसायचे आणि मी हवापाण्याचं बोलायचो.

अप्पा मात्र कामाला लागले होते. मोबाईलवरून पैसे भरून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. ते म्हणाले, भरलं म्हणजे कबूल केलं. मग महेश काय म्हणेल? कुणीतरी लोकअदालत सुचवली, तिथं तडजोडीनं निम्म्यात मिटतं. यावर अप्पांनी विचार केला आणि म्हणाले, "निम्म्यात म्हंजे चौतीस झालं की. मी चौतीसनं पण गेलो न्हाय." ते वाहतूक शाखेत तीन वेळा गेले. तिथल्या पोरसवदा हवालदाराला स्कूटरवर मागे बसवून त्यांनी एक चक्कर मारून आणली. हवालदार उतरला तेव्हा घड्याळ बघत होता. म्हणाला, काका, मला पटलं, पण माझ्या पटण्यानं काही होत नाही, कोर्टात जा.

तारीख मिळाली. सोबतीला अप्पांनी मलाच नेलं. साडेदहाची वेळ होती, म्हणून आम्ही पावणेनऊला कोर्टाच्या आवारात होतो. माझ्या खिशात माझं लायसन्स होतं. चार आठवडे ते खिशातच होतं.

न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. समोर कागदांचा ढीग, पण त्यांनी अप्पांना शांतपणे बोलू दिलं. अप्पांनी तीसचा काटा सांगितला, हिरवा सिग्नल सांगितला, वळणावर उतरणं सांगितलं, चार बोटं सांगितली. कारकुनानं लिहायचं थांबवून ऐकायला सुरुवात केली. मी एकच गोष्ट ऐकायची वाट बघत होतो, आणि तिचीच मला भीती होती. त्या तारखेला सोमवार होता, एवढं म्हटलं की अप्पा सुटत होते. शेजारी, देवळातले पुजारी, वाटेवरचे फूलवाले, सगळे साक्षीला आले असते. अप्पा सोमवारबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

बाईंनी फोटो बघितला, अप्पांकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"त्या दिवशी गाडी तुम्हीच चालवत होता का?"

अप्पा खोटं बोलत नाहीत. तशी गळ्यातल्या लिंगाची शपथ त्यांनी फार पूर्वीच घेतलेली आहे. त्यांनी घाम पुसला.

"गाडी माजी हाय, मॅडम."

"ते कागदावर आहे. चालवत कोण होतं?"

"गाडी माजीच हाय," अप्पा म्हणाले आणि खाली बघू लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पायरीवर फोटो माझ्यापुढे धरला, तेव्हाही माहीत होतं. माझं नाव न घेता सुटायची वाट ते महिनाभर शोधत होते, आणि आता वाट संपली होती. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर मी.

मी उभा राहिलो. गुडघे वाजले, सगळ्यांनी मागे बघितलं.

"फोटोत मी आहे," मी म्हणालो. "यांनी विश्वासानं दिली होती. मी पळवली."

बाईंनी विचारलं, इतके दिवस कुठं होतात. मी म्हणालो, यांच्या शेजारीच. कारकून खोकला. बाईंनी मला पुढे बोलावलं, लायसन्स पाहिलं, कारण विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की मजा वाटली म्हणून. मग त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, अप्पांना मोकळं केलं, दंड माझ्या नावावर लावला आणि पुन्हा समोर येऊ नका म्हणाल्या. शाळेत मी पोरांना ज्या आवाजात म्हणायचो, त्याच आवाजात.

बाहेर आलो तर मला इतकं हलकं वाटत होतं, की मी अप्पांचे पायच धरले असते. त्यांनी धरू दिले नाहीत. आवारातल्या टपरीवर आम्ही बसलो. चहा सांगून त्यांनी आधी महेशला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमीसारखा स्पीकरवर. बापलेक कन्नडमध्ये बोलतात.

कोर्टानं सोडलं, मी नव्हतोच, असं अप्पांनी सांगितलं. महेशनं सुटकेचा श्वास टाकला, तो इथवर ऐकू आला. मग कोण होतं, त्यानं विचारलं. अप्पा म्हणाले, ओळखीचे आहेत, चांगले आहेत, एक दिवस चुकलं. त्या माणसाला पुन्हा किल्ली देऊ नका, महेश म्हणाला.

अप्पांनी फोन थोडा जवळ घेतला. म्हणाले, अरे, गाडी त्यांना लागते म्हणून मी देत नाही. किल्ली न्यायला एकदा येतात, द्यायला एकदा येतात. तुझी आई गेल्यापासून माझं दार आणखी कोण वाजवतंय?

मग महेश म्हणाला, शनिवारी येतो मी. न्यायला नव्हे. नुसता येतो.

अप्पांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "पोरगं लई काळजी करतंय," मराठीत म्हणाले. "चहा घ्या मास्तर, गार होतोय."

मी चहा घेतला. तीस वर्षांच्या शेजारात मला त्यांचं कन्नड सगळं कळायला लागलं आहे. ते मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.