नऊ सेकंदांचा चहा

आमटी दाट झाली का पातळ, हे आपल्याला पळीनं कळतं. शिवाजीरावांना छर्ऱ्यानं कळतं. माझ्या नातीच्या बारशाला त्यांनी खिशातून काचेची नळी काढली, तीत बासुंदी ओतली, वरून सायकलच्या बेअरिंगचा छर्रा सोडला आणि घड्याळ बघत म्हणाले, "चार सेकंद. आटवायला घाई केली तुमी, अक्का." सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. आता खरं सांगायचं तर केली होती घाई.

पिंपळीत आमची भिंतीला भिंत. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाचा रस तपासण्यात शिवाजीरावांचा उभा जन्म गेला. रिटायर झाले, पण लॅब काही सुटली नाही. कुणी नुसतं 'आज ऊन फार' म्हणालं, की यांचं ठरलेलं, "मोजलं का? मंग बोलू नका." आणि अलीकडं चहा विचारला की, "झालाय आत्ताच."

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोला, कुसुमला, अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, पण गिळणं बिघडलं. पातळ काही प्यायली की ठसका. डॉक्टर म्हणाले, ते छातीत उतरलं तर जिवावर बेतेल, पाणीसुद्धा मधासारखं दाट करून द्या. त्यासाठी पावडर दिली. पाणी तिनं घेतलं, पण चहा पहिल्याच घोटाला थुंकला. "पेज हाय ही," म्हणाली. दिवसाला सहा कप कोरा चहा पिणारी बाई ती. तिचा चहाच बंद झाला.

शिवाजीरावांनी डॉक्टरांच्या पावडरीचं पाणी नळीत भरलं आणि छर्रा सोडला. नऊ सेकंद. झालं, त्या दिवसापासून या माणसाला नऊ हा एकच आकडा.

डॉक्टरांना विचारून त्यांनी पुण्याहून अल्जिनेट आणलं. समुद्रातल्या शेवाळापासून काढतात म्हणे, आइस्क्रीमवालेही वापरतात. ओसरीवर लॅब मांडली. वजनकाटा, थर्मामीटर, आंबटपणा दाखवणारे कागद. "चव न्हाय, वास न्हाय, पर सोभाव लई तिरका," असं त्या पावडरीबद्दल सांगायचे, जसं काही जावयाबद्दलच. दोन डब्यांवर नाव एक, दाटपणा निराळा. लिंबू पडलं की गुठळ्या. गरम असताना छर्रा पळायचा, निवल्यावर रांगायचा.

मी म्हटलं, "मग निवलेलाच पाजा की तिला."

"निवलेला चहा म्हंजी औषध, अक्का. औषधं काय कमी हायती तिला?"

चहा मी उकळून पाठवायची, ते त्यात फिल्टरच्या पाण्यातलं अल्जिनेट मिसळायचे. कधी नऊ यायचे, कधी चौदा, कधी नुसत्या गाठी. सगळं वहीत लिहायचे, पातेलं ओतून द्यायचे आणि पुन्हा काट्यापाशी बसायचे. कुसुम कॉटवरून बघत राहायची.

मग एकदा ओळीनं तीन दिवस नऊ आले. शिवाजीरावांनी लगेच बारामतीहून गिळायचा व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमना बोलावलं. पहिला घोट त्यांच्यासमोरच द्यायचा, हे ठरलेलं. मॅडम आल्या, कुसुमला उशा लावून बसवलं, मी चहा नेला, शिवाजीरावांनी अल्जिनेट घातलं, आणि पातेल्यात बेडकाची अंडी!

कुसुमनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

शिवाजीराव वही चाळत बसले. एकदम वर बघून म्हणाले, "अक्का, ते तीन दिवस तुमच्याकडं काय निराळं होतं?"

"निराळं कुठलं? डीपी जळालेला, लाइट न्हवती. मोटर बंद, मग बोअरचं पाणी कुठनं येणार? जारचं घातलं चहाला."

"आन आज?"

"आज बोअरचं. चहाला कोण जारचं वापरतं? उकळतंच की ते!"

आमच्याकडं सगळ्या घरांत हीच रीत. जारचं पाणी प्यायला, बोअरचं चहाला. त्यांनी कपाळावर हात मारला. "बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, अक्का! कॅल्शियम दिसलं की ह्ये गोठतंय. पावडर बदलली, काटा बदलला, पर तुमची किटली मोजायची ऱ्हायली!"

मी धावत जाऊन जारच्या पाण्याचा चहा टाकला. अल्जिनेट घालून गरमगरम नळीत भरला. छर्रा निघाला. आम्ही सगळे मोठ्यानं मोजत होतो, मॅडमसुद्धा. नऊ.

मॅडमनी चमच्यानं पाजला. कुसुमनं हनुवटी खाली घेऊन गिळला. ठसका नाही. दुसरा चमचा. तिसरा. मग जडावल्या जिभेनं म्हणाली, "साखर कमी."

ग्रॅमवर जगणाऱ्या माणसानं डब्यात हात घातला आणि चिमूटभर साखर तशीच टाकली.

आमचा जीव भांड्यात पडला. मी मॅडमना आणि शिवाजीरावांना साधा चहा ओतायला घेतला.

"मला नको. झालाय आत्ताच."

"खोटं," कुसुम म्हणाली. "मी पडल्यापास्नं यांनी न्हाय घेतला. घरात न्हाय, भाईर न्हाय."

वर्षभर मी रोज विचारत होते आणि रोज विश्वास ठेवत होते! शिवाजीराव खाली बघत नळी पुसत बसले. मी साधा कप पुढं केला. तो त्यांनी बाजूला सारला आणि कुसुमच्या पातेल्यातला दाट चहा बशीत ओतून घेतला. किती वेळ लावला प्यायला, देव जाणे. त्या दिवशी कुणी मोजलं नाही.