कुलपातला अडकित्ता

झाडापेडांच्या बाबतीत आपला हात कुणी धरू शकत नाही! ल्युपिन हे थंड मुलखातलं फूल मी आमच्या नांदूरघाटात फुलवून दाखवलं. दिवाळीनंतर बी पॉलिश पेपरवर घासलं, रात्रभर भिजवलं, काळी माती टाळून मुरुमात लावलं. युरिया घालायचा नाही, मुळं हलवायची नाहीत, पाणी बेतानं. संक्रांतीला निळे तुरे असे उभे राहिले की लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. मी तेव्हा जमिनीवर चालत नव्हतो.

पुढं शेंगा धरल्या. हरभऱ्याच्या भावकीतलं झाड, पण बी कडू अन् विषारी. हे शेळ्यांना कोण सांगणार? म्हणून शेंगा पिवळ्या पडताच मी तुरे कापले आणि शेजारच्या बंद घरात, पत्र्याखालच्या अँगलला उलटे टांगले. घर रुक्मिणीमावशीचं. मावशी लेकासोबत ऊसतोडीला गेलती, सून मनिषा बाळंतपणाला वडवणीला, माहेरी. चावी माझ्याकडे. घराची राखण होईल आणि बीही वाळेल, असा माझा हिशोब.

मार्च लागला. पत्रे तापले. अर्धी गल्ली तोडीला गेलेली, दारोदार कुलपं. भर दुपारी कुत्रंसुद्धा भुंकेना. आणि त्या बंद घरातून आवाज आला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्.

माझी बायको अंजू हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागली. मावशीची सासू गेल्या साली त्याच घरात वारली. दुपारभर उंबऱ्याशी बसून सुपारी कातरायची. हा आवाज तिच्या अडकित्त्याचाच, असं अंजूचं म्हणणं! मी म्हटलं, उंदीर असतील. अंजू म्हणाली, उंदीर सुपारी कधीपासून खायला लागले? त्या दिवसापासून ती मधल्या भिंतीला टेकून बसेना. मीही बसत नव्हतो, पण माझी पाठ दुखायची. शेंगा बघायला जाणं तर मी सोडूनच दिलं.

अशात मनिषा सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन आली. त्याच्यासाठी मावशीही तोड संपायच्या आधीच, त्याच दिवशी परतली. मी चावी दिली, अंजूनं अडकित्त्याचं सांगितलं, आणि तेवढ्यात आतून टक् झालं. मावशीनं कुलपाला लावलेला हात मागं घेतला. या घरात लेकरू न्यायचं न्हाई, म्हणाली, माघारी वडवणीला जा. गाडी संध्याकाळी. आमच्याकडे या म्हटलं तर म्हणाली, भिंत एकच हाय. ऊन डोक्यावर. लेकरू लालबुंद झालेलं, रडून रडून आता रडायचंही थांबलेलं. 

मीच पुढं झालो. कुलूप काढलं. आत काळोख. सुपारीचा वास आला, देवाशप्पथ! "आजी, लेकराला येऊ दे," एवढं म्हणेस्तोवर कानाशी टक् झालं आणि गालावर कुणीतरी खडा मारला. पुढचं मला आठवत नाही. अंजू सांगते, मी रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीमागं सापडलो.

मनिषानं एकवार माझ्याकडे पाहिलं आणि लेकराच्या डोक्यावर पदर ओढला. "भूत तर भूत. सावलीत तर हाय ना," म्हणाली आणि आत गेली.

आतून काहीच ऐकू येईना. मावशी हात जोडून उभी. मग मनिषा दारात आली, एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात वाळका तुरा. ऊन लागताच त्यातली एक शेंग आपोआप पिळवटली, टक् करून उकलली, आणि बी उडून मावशीच्या पायाशी पडलं. आत सगळीकडं बियांचा सडा हाय, म्हणाली.

"भाऊजी, ह्या शेंगा तुमच्याच ना?"

मी मान हलवली. लेकरू सावलीत दूध प्यायला लागलं.  मावशी मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेऊन आली आणि माझ्यावरून उतरवल्या, कारण थरथरत होतो तो एकटा मीच. बाधा असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मावशीनं त्या आमच्या अंगणातल्या पेटत्या चुलीत टाकल्या. सगळे श्वास धरून थांबलो.

असा ठसका उठला की सारी गल्ली खोकायला लागली.

डोळे पुसत मावशी म्हणाली, "बाधा न्हाई, काय न्हाई. गडी निस्ता भेलाय."