चैत्राला नोकरी कुणी लावली?

"गुन्हा झाला की मला आधी वास येतो, मग बातमी," असं फत्तेसिंगराव आपल्या कन्नडमिश्रित मराठीत स्वतःबद्दल सांगत. "अंगात पाच पिढ्यांचं शिपायाचं रक्त, नजर घारीची, आणि मेंदू... सुम्ने, उगाच सांगत नाही, परदेशात जन्मलो असतो तर लोकांनी तो बरणीत घालून ठेवला असता."

बरणीची कल्पना पुतणी चैत्रालाही अधूनमधून पटत असे.

खरं सांगायचं तर काका वीज खात्यात मीटर तपासनीस होते. नोकरीत त्यांनी अकरा वीजचोर पकडले आणि त्यांतल्या नऊ जणांची नंतर माफी मागितली. निवृत्तीनंतर मंडी मोहल्ल्यातल्या घरावर त्यांनी 'खाजगी शोधकार्य' अशी पाटी लावली. पाटी वाचून आजवर फक्त कुरियरवाला आत आला होता, तोही पत्ता विचारायला.

आता मात्र प्रकरण घरातच उपटलं होतं. चैत्राला नोकरी लागली होती, आणि ती कुठे लागली हे चैत्रालाच माहीत नव्हतं.

वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसल्यावर तिनं सरकारच्या रोजगार योजनेत नाव घातलं होतं. बेकारांना कामाला लावायचं काम सरकारनं एका कंपनीला दिलं होतं, त्या कंपनीनं दुसरीला, आणि दुसरीनं निशांतला. निशांतला पुढे कुणी सापडलं नाही, म्हणून विजयनगरातल्या 'ऊर्ध्वगती रोजगार केंद्रा'त तो स्वतः बसत असे. तिथे चैत्राला दीड महिना प्रशिक्षण मिळालं. हसायचं कसं, हात किती वेळ हातात धरायचा, सकाळी गोल उभं राहून 'मी करू शकते' म्हणत टाळ्या कशा वाजवायच्या. काय करू शकते, ते मात्र तिथे कुणी एकदाही विचारलं नाही.

आणि आता एका बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत खरोखरची जागा निघाली होती. मुलाखत पुढच्या सोमवारी. तिच्या शिक्षणाला शोभेल असं काम दोन वर्षांत हे पहिलंच. प्रवेशपत्र योजनेच्या संकेतस्थळावरूनच काढायचं, आणि ते फक्त बेरोजगारांना मिळायचं. चैत्राच्या नावापुढे तिथे लिहिलं होतं: 'नियुक्त. आस्थापना क्रमांक ००१. हजेरी उत्तम.'

प्रशिक्षण संपल्यापासून तीन आठवडे ती रोज केंद्रात जाऊन तक्रार करत होती. निशांत रोज हसून म्हणायचा, "मॅडम, पॉझिटिव्ह राहा."

"हा तोतयेगिरीचा मामला," काका म्हणाले. "तुझ्या नावानं दुसरीच कुणी कामाला जाते. अल्वा? हो की नाही?"

"पण का जाईल, काका? माझ्या नावानं मलाच कुणी घेत नाही."

काका असल्या क्षुल्लक शंकांकडे लक्ष देत नसत. या सोमवारी त्यांना कुणीतरी सांगितलं, की सोसले गावात मठाजवळ चैत्रा नावाची बाई नव्यानं कामाला लागली आहे. दोन बस बदलून ते दोघं तिथे पोचले. ती चैत्रा निघाली सत्तरीची, फुलांचे हार करणारी. काकांनी भिंगातून तिचे दोन्ही अंगठे तपासले. म्हातारीनं ते तपासू दिले आणि मग ओल्या दोऱ्याचं रीळ त्यांच्या अंगावर फेकलं.

मंगळवारी नवा सिद्धान्त निघाला. चैत्राच्या अंगठ्याचा ठसा कुणीतरी स्टीलच्या पेल्यावरून उचलला होता. काकांनी घरातले सगळे पेले पुरावा म्हणून जप्त करून कपाटात घातले. आईनं दिवसभर सगळ्यांना वाटीतून कॉफी दिली आणि दिराशी बोलणं टाकलं. चैत्राला हसू यायला हवं होतं, पण ती केंद्रात रोजची तक्रार करून आली होती आणि दिवस मोजत होती. तिला काकांचा राग आला, निशांतचा त्याहून जास्त, आणि टाळ्या वाजवल्याबद्दल स्वतःचा सगळ्यात जास्त.

बुधवारी काका स्वतः तिच्याबरोबर केंद्रात आले. दारातल्या यंत्रावर चैत्रानं नेहमीसारखा अंगठा ठेवला. त्याशिवाय उमेदवारांना आत सोडत नसत. भिंतीवर फलक होता: 'आमच्या तुकडीला शंभर टक्के रोजगार!'

"नाव?" काकांनी निशांतला दरडावलं.

"निशांत. सर, आपण कँडिडेट आहात का? सीनियर सिटिझनसाठीही मोटिव्हेशनची बॅच आहे आमची."

"पुण्याचा दिसतोस. टायची गाठ डावीकडे. म्हणजे डावखुरा. म्हणजे दोन हातांनी सह्या करणारा!"

"सर, ही तयार गाठ आहे. मागे हूक असतो."

हूक म्हणताच काका जुन्या सवयीनं वीजचोरीची वायर शोधायला टेबलाखाली वाकले. तिथे फरशी पुसत असलेल्या विशालाक्षीचं आणि त्यांचं डोकं एकमेकांवर आपटलं.

"काय शोधताय?" कपाळ चोळत तिनं कन्नडमध्ये विचारलं.

"हिला नोकरी लावणारा गुन्हेगार."

"हिला? ही तर इथेच कामाला आहे ना?"

विशालाक्षीनं फडक्यानंच दाराकडे बोट दाखवलं. "ते यंत्र आम्हा नोकरांच्या हजेरीचं. येणाऱ्यांचं दसऱ्यापासून बिघडून खोक्यात पडलंय. या साहेबांनी सगळ्या पोरांचे अंगठे आमच्याच यंत्रात घातले. महिनाभर ठसा पडला की यंत्र धरून चालतं, माणूस कामाला लागला."

"आणि ००१?" चैत्रानं विचारलं.

"आमचाच नंबर," निशांत टायकडे बघत म्हणाला. "तांत्रिक बाब आहे. हेड ऑफिसला मेल टाकतो. पण तुमची सगळी बॅच प्लेस झाली, मॅडम. टार्गेट बघा ना!"

"मग बाकीच्यांची नावं आता बेरोजगारांत कशी? मी संकेतस्थळावर पाहिलीत."

"ते यायचे थांबले," विशालाक्षी म्हणाली. "तीन दिवस लागोपाठ अंगठा नाही पडला की यंत्र नाव काढून टाकतं. मला ताप आला तेव्हा माझंही काढलं होतं."

चैत्रा खुर्चीत बसली. ज्यांनी नाद सोडला ते सुटले होते. ती मात्र नोकरी नाही म्हणून सांगायला रोज येत होती, आणि दर वेळी दारात आपल्याच अंगठ्यानं सांगत होती की आहे. तिला रडू आलं, आणि फलकावर पाणी ओतावंसं वाटलं. तिनं विशालाक्षीचे हात धरले. किती वेळ धरले ते तिनं मोजलं नाही.

गुरुवारपासून काकांनी तिला घराबाहेर पडू दिलं नाही. 'संशयित अंगठा नजरकैदेत,' असं त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. पेले परत मिळाले. शनिवारी संध्याकाळी संकेतस्थळावर तिच्या नावापुढे शब्द उमटला: 'बेरोजगार'. आईनं देवापुढे दिवा लावला, आणि पुतणी बेकार झाली म्हणून फत्तेसिंगरावांनी गल्लीत म्हैसूरपाक वाटला.

चैत्रा प्रवेशपत्र छापून घेत होती तेवढ्यात फोन वाजला. दोन महिन्यांत केंद्राकडून आलेला हा पहिला फोन.

"चैत्रा मॅडम, निशांत बोलतोय. तुम्ही तीन दिवस न कळवता गैरहजर आहात. वरून विचारणा झालीय. मला लेखी खुलासा लागेल."

"लिहून घ्या, सर," चैत्रा म्हणाली. "नोकरी शोधत होते."