अंजनाबाईंचा नावेतला फोटो

खरं तर उकंडरावांनी त्या मंगळवारी कालव्याच्या ऑफिसात जायलाच नको होतं. पण दर मंगळवारी तिथं जाऊन भांडायची त्यांना सवय. (शाळेतली कारकुनी संपल्यापासून हक्कानं ओरडायला दुसरी जागा उरली नव्हती. घरी ओरडावं, तर अंजनाबाईंची पट्टी वरची.) कालव्याचं पाणी पाझरून त्यांच्या वावराचा चिखल होत होता आणि तीन वर्षं ते अर्जावर अर्ज देत होते. त्या दिवशीही साहेबांच्या टेबलावर अर्ज आपटून ते गरजले, "आज बाराच्या आत गेट बंद झालं नाई, तर इथंच उपोषणाले बसतो!"

साहेबांनी नेहमीसारखा चहा मागवला. उकंडरावांनी तो फुंकून फुंकून प्यायला आणि झालेलं सगळं विसरून घरी आले.

घरी वेगळाच जाळ पेटलेला. त्या दिवशी लग्नाला तीस वर्षं होत होती, आणि नेमकं सकाळीच लेकीच्या, पौर्णिमाच्या सासूबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, केरळातल्या हाउसबोटीवरचे बावीस फोटो घरच्या ग्रुपवर टाकले होते.

"मले नावेत बसलेला एक फोटो पाह्यजे," अंजनाबाईंनी बजावलं. "आजच. नाई तर मी चाल्ली भावाकडं इंझोरीले. पाऊस पडेपर्यंत येत नाई. करा मंग आपल्या हातानं भाकरी!"

उकंडरावांना घाम फुटला. त्यांनी जन्मात एकदाच भाकरी थापली होती आणि ती कुत्र्यानं हुंगून सोडून दिली होती.

पण नशीब पाहा. मासे धरणारा रामधन त्याच दिवशी आपली नाव धरणावरून गावच्या तळ्यात नेणार होता, तीही कालव्यातून. चार किलोमीटर. उकंडरावांनी त्याला गाठलं आणि घरी येऊन ऐटीत सांगितलं, "चाल! कालवा पाह्य, तळं पाह्य. हाउसबोट झक मारते!"

अकराला नाव निघाली. मे महिन्याचं ऊन मेंदू उकडत होतं. अंजनाबाई पोरीच्या लग्नातली साडी नेसून, गॉगल लावून मधोमध बसल्या. नावेला आठवड्याच्या मासळीचा वास. छप्पर म्हणून एक छत्री, तीही उकंडरावांनी धरायची.

"काढू का फोटो?" अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं. हात भरून आले होते बिचाऱ्यांचे.

"इथं? नालीत बसल्यावानी दिसन मी! तळ्यात गेल्यावर काढा. चारी बाजूनं पाणी पाह्यजे."

बारा वाजून गेले. थोड्या वेळानं नावेच्या बुडाखाली खर्रर्र झालं.

"काका," रामधन बांबू रोवून म्हणाला, "पाणी उतरून राह्यलं."

"असं कसं उतरते? रेट!"

"कायले रेटू? चिखलाले?"

बघता बघता नाव चिखलात बसली आणि एका अंगाला कलली. अंजनाबाईंच्या साडीचा काठ तळाशी साचलेल्या मासळीच्या पाण्यात गेला. उकंडरावांचं टाळकं सणकलं. छत्री उगारून ते मोकळ्या कालव्यावर ओरडले, "कोन्या गाढवानं पाणी बंद केलं बे? भर उन्हाळ्यात! लोकाईच्या बायका नावेत बसून राह्यल्या, अन् याईले अक्कल नाई! इथंच उपोषणाले बसतो!"

"बसलेच तर हाय," अंजनाबाई दात आवळून म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. एका हातात छत्री, म्हणून उकंडरावांनी स्पीकर लावला. (यालाच म्हणतात बुद्धी!)

"अभिनंदन, उकंडराव!" कालव्याचे साहेब. "तुमच्या अर्जावर वरून आदेश आला. ठीक बाराले गेट बंद केलं. आता कोरड्या कालव्यात उभं राहून तुमचा एक फोटो पाठवा बापा, म्हंजे फाईल बंद करतो."

अंजनाबाईंनी गॉगल काढला.

"तुमी बंद करवलं? आज?"

"अवं, मले काय ठाऊक ते ऐकतीन म्हणून! तीन वर्षं कोनी ऐकलं नाई!"

"मी तीस वर्षं बोंबलून राह्यली, माह्यं तुमी ऐकता काय? अन् त्याईले तुमचं ऐकाले आजचाच दिवस भेटला!"

"काका," रामधन मध्येच रडवेला होऊन म्हणाला, "माही नाव कशी निंघन आता?"

"गेट उघडासाठी अर्ज द्या लागन," उकंडराव पुटपुटले.

हे ऐकून अंजनाबाईंचा उरलासुरला तोल गेला. त्यांनी नवऱ्याच्या हातातला फोन ओढला, साडी वर खोचली, पचपच चिखल तुडवत काठ चढल्या आणि वळून म्हणाल्या, "हसा!"

उकंडराव हसले नाहीत. फोटो मात्र झकास आला. कलती नाव, चिखल, छत्री आणि मधोमध ते. अंजनाबाईंनी तो आधी साहेबांना पाठवला, मग घरच्या ग्रुपवर. मागोमाग काठावर चढून आलेल्या रामधनच्या हातात फोन कोंबला आणि मागं न बघता बसस्टँडकडे निघाल्या.

संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला : 'फोटो मिळाला. तक्रारदार समाधानी. फाईल बंद.' उकंडरावांनी पिठानं बरबटलेल्या बोटानं ग्रुप उघडला. विहीणबाईंनी लिहिलं होतं, 'वा! फोटो छान. पण आमच्या विहीणबाई कुठे दिसत नाहीत?'

खाली अंजनाबाईंचं उत्तर होतं, 'इंझोरीले.'