युसुफचाचांची ओली शतावरी

कळमनुरीत माझे घरमालक युसुफचाचा यांनी घरातली सगळ्यात गार जागा शतावरीच्या मुळ्यांना दिली होती. पाण्याच्या रांजणाशेजारी, माठातल्या ओलसर वाळूत, वरून ओलं पोतं पांघरून त्या निवांत पडलेल्या असत. चाचा स्वतः मात्र भर उन्हाळ्यात पत्र्याखाली घामाघूम.

आमच्या घरातला बी.ए. झालेला मी पहिलाच. शाळेत नोकरी लागली तेव्हा गावात मला खोली कुणी देईना. जडीबुटी विकणाऱ्या या माणसाने जात न विचारता दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण माणूस काही केल्या उमगत नसे.

दुकानातला सगळा माल वाळवलेला. मग हा एकच माठ ओला का? रोज सकाळी चाचा वाळूत बोट घालून बघत.

"ओल जास्त झाली की सडते, कमी झाली की सुकते. अन् धुवायची तर न्हाईच. तान्ह्या लेकरावानी हाय, मास्तर."

एखादी मुळी मऊ लागली की ती काढून टाकत आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत.

एकदा बाजाराच्या दिवशी एक वैद्यबुवा माठाशी अडून बसले.

"इकायची न्हाई," चाचा म्हणाले.

"मग ठेवली काहून? लोणचं घालता का?"

"व्हय, लोणचंच घालतो. तुमाला काय तकलीफ?"

मी चक्रावलो. शेवटी चाचींना विचारलं. त्या म्हणाल्या, "जुबेदासाठी हाय. आमची पोरगी नांदेडला असते, दिवस भरत आले तिचे. बाळंतिणीला दूध येतं ओल्या शतावरीनं."

"मग तिला माहेरी आणा की."

"लग्न तिनं तिच्या मर्जीनं केलं. पुन्हा उंबरा चढू नको, असं हेच म्हणले. आता कोणत्या तोंडानं बोलवतील?"

जुबेदाला मुलगा झाल्याचा निरोप आला, तसं चाचांनी मुळ्या केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिल्या. "माझं नाव घेऊ नका. कुठल्या बी दुकानातून आणली म्हणा."

नांदेडला जाऊन मी तसंच सांगितलं. जुबेदाने पुडकं उघडलं आणि हसली. "मास्तर, या उन्हात ओली शतावरी कोणतं दुकान देतं?" मग बराच वेळ ती मुळ्यांकडेच बघत राहिली.

परतलो तर चाचा वाट पाहत उभे.

"ओली व्हती ना?"

"होती."

"अन् लेकराचं नाव काय ठेवलं?"

"नाही सांगितलं. म्हणाली, अब्बाला म्हणावं, येऊन विचारा."

चाचांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मास्तर, नांदेडची गाडी कुठं थांबते?"

ती त्यांच्याच दुकानासमोर थांबायची.

"चला," मी म्हणालो, "दाखवतो."