चंदनाच्या परीक्षेचा पेशंट

"अख्ख्या बंगळूरात माझ्यासारखं तोंड नाही!" शिवाजीनगरातल्या आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानात विठोजीराव येईल त्याला सांगत होते. "आमच्या चंदनानं स्वतः बघून सांगितलंय!"

नात चंदना दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिनं तसं सांगितलं होतं हे खरं, पण त्यात कौतुक कमी आणि काळजीच जास्त होती. "अज्जा, तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात, आणि बरेचसे गरीब असतात. पण तुमच्या हिरड्यांखाली थर साचलाय, तिथे गुंड जमलेत! त्यांच्याशी झगडून हिरडी सुजते, रक्त येतं, शेवटी दातच सोडून देते." मग तिचे डोळे चमकले. "पण आत्ता काही करू नका हं! परीक्षेला पेशंट आम्हालाच न्यावा लागतो. मला अस्संच तोंड हवंय. सरी?"

"सरी सरी, ठरलं!"

परीक्षा जवळ आली तसा विठोजीरावांना घोर लागला. मैसूरहून परीक्षक येणार, आणि त्यांच्यापुढे हे असलं तोंड उघडायचं? पाहुणे यायचे म्हटलं की त्यांच्या पत्नी गोजराबाई पायपुसणीसुद्धा धुऊन टाकतात! पोरगी बिचारी, आजोबांना त्रास नको म्हणून नको म्हणते, दुसरं काय! त्यांनी गुपचूप बाजारामागचा दवाखाना गाठला, डोळे घट्ट मिटून खुर्चीत बसले आणि झाडून सगळे दात साफ करून घेतले. आरशात बघितलं, तर नव्या स्टीलच्या भांड्यांसारखे लखलखत होते. नातीला एकदम चकित करायचं त्यांनी ठरवलं.

परीक्षेच्या दिवशी, एरवी कंडक्टरशीसुद्धा गप्पा मारणारा हा माणूस बसमध्ये तोंड मिटून बसला. दहीभाताचा डबा घेऊन सोबत निघालेल्या गोजराबाईंना वाटलं, घाबरलेत.

"आ करा, अज्जा."

विठोजीरावांनी ऐटीत आ केला. चंदना वाकली. दिवा सरकवला. पुन्हा वाकली.

"अज्जा... घाण कुठे गेली?"

"काढून टाकली! चार लोकांत तुझी मान खाली जायला नको!"

"अय्यो अज्जा! तीच तर मला परीक्षेत काढून दाखवायची होती!" चंदनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पेशंट नाही तर परीक्षा नाही. नापास झाले मी!"

विठोजीरावांच्या पायांखालची जमीन सरकली. "थांब, कॅन्टीनमधून स्वल्प गोडधोड खाऊन येतो!"

"असा थर साचायला महिने लागतात हो!"

त्यांनी शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटला गाठलं. "माझ्या नातीकडे या की हो!" तिथल्या विद्यार्थ्यानं आपल्या पेशंटचा दंडच धरून ठेवला! परीक्षक दोन खुर्च्यांच्या अंतरावर येऊन ठेपले. आपल्या हातानं पोरीचं वाटोळं केलं, या विचारानं विठोजीरावांना रडू फुटायचं बाकी होतं.

"उठा," गोजराबाई म्हणाल्या.

"अगं पण..."

"उठा म्हणते ना!" त्यांनी डबा नवऱ्याच्या हातात दिला, पदर खोचला आणि खुर्चीत बसल्या. आपण मीठ-तेलानं दात घासतो, आपल्या तोंडात जंतू उभा राहत नाही, असं गल्लीभर सांगत आलेल्या गोजराबाईंनी निमूटपणे आ केला.

चंदना बघतच राहिली. "अज्जी! केवढं सुजलंय हे! रक्त येतं ना? कधीपासून?"

"पेरू चावला की येतं." गोजराबाईंचा आवाज अगदी लहान झाला. "वर्ष झालं असेल. लोकांना एवढं बोलून दाखवलं होतं, मग सांगू कुणाला?"

वर्षभर त्या आपल्या वाट्याचे पेरू नवऱ्याच्या ताटलीत सरकवत होत्या, आणि विठोजीराव मायेनं देतेय म्हणून मिटक्या मारत खात होते! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. डबा छातीशी धरून ते भिंतीला टेकून उभे राहिले.

परीक्षक आले, वाकले, दुसऱ्या परीक्षकांनाही हाक मारली. "वा! फार सुंदर केस आणलीस!" चंदनानं मग अज्जीच्या हिरड्यांखालचा थर त्यांच्यासमोर सफाईनं काढून दाखवला. ती चांगल्या मार्कांनी पास झाली.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पोचली होती. "मैसूरचे डॉक्टर म्हणाले, फार सुंदर केस!" गोजराबाई ओट्यावर बसून सांगत होत्या. शेजारीच विठोजीराव लखलखीत दात दाखवत हसत होते, पण त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना.

शेवटी त्यांना राहवलं नाही. "चंदना, पुढच्या परीक्षेला मीच हं! हे बघ, आजपासून ब्रश बंद!"

"अज्जा," चंदना त्यांच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "पुढची परीक्षा लहान मुलांच्या दातांची आहे!"